विजातीय धातूंचा सांधा

१८९३ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं जें जागतिक प्रदर्शन भरलें होतें, त्यांत रशियाहून आलेला धातूचा एक पेला ठेवलेला होता. उंची जेमतेम वीतभर. वजन मात्र पांच किलोंहून अधिक. वरवर पाहणारास त्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. जाणता कारागीर मात्र तेथें थबकल्यावांचून राहत नसे. कारण तो पेला एका धातूचा नव्हता. कांसें, तांबें, निकेल, पोलाद, बीड असे आठ निरनिराळे धातु व मिश्रधातु थरावर थर वितळवून एकमेकांस जोडलेले होते. त्याचा कर्ता निकोलाय स्लाव्यानोव्ह हा उरल पर्वतानजीकच्या पेर्म येथील तोफांच्या कारखान्यांत अभियंता होता. विजेच्या ज्योतीनें धातु जोडण्याची युक्ति त्याच्या आधीं बेनार्दोस नांवाच्या त्याच्याच देशबांधवानें शोधली होती; पण बेनार्दोस ती ज्योत कोळशाच्या कांडीनें पाडी. स्लाव्यानोव्हनें १८८८ सालीं धातूचीच कांडी घेतली. ज्योतही तीच पाडते आणि वितळून सांधाही तीच भरते. आज रस्त्याच्या कडेला काळी कांच डोळ्यांपुढें धरून खिडकीचे गज जोडणारा वेल्डर जें करतो, त्याचें मूळ येथें आहे.

पेल्याला पदक मिळालें, लोकांनीं कौतुक केलें. विजातीय धातु एकमेकांस जोडतां येतात, हें सिद्ध झालें. पण जोडतां येणें निराळें आणि जोडलेलें टिकणें निराळें. कपाटांत ठेवलेल्या पेल्यावर ना वाफेचा दाब, ना आगीची धग. तोच सांधा विजेच्या कारखान्यांत, सहाशें अंशांच्या उष्णतेंत, रात्रंदिवस तीस वर्षें टिकेल काय, हा प्रश्न त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हता. पुढें तो आला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां तीन पिढ्यांचे अभियंते म्हातारे झाले.

धातूंचे स्वभाव निरनिराळे असतात, हें आपल्याकडील घरांना नवीन नाहीं. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, ती आंबट पदार्थ आणि तांबें यांचें जमत नाहीं म्हणून. बंबाच्या तळाचा डाक सुटतो, तो बहुधा जोडावरच. पत्र्याच्या मध्यभागीं नव्हे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना लोहार ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करतो, फुगलेली धाव लांकडी चाकावर बसवितो आणि पाणी ओततांच ती आंवळून बसते. लोखंड तापून किती वाढेल आणि निवून किती आंखडेल, याचा अदमास त्याच्या हातांत असतो. विजेच्या कारखान्यांतील गोष्ट मुळांत याच तीन अनुभवांची आहे: दोन पदार्थांमध्यें घालावयाचा मधला थर, जोडावरच होणारा घात, आणि तापतांना कमीअधिक वाढणारा धातु.

आरंभीं वाफेचे बॉयलर रिव्हेट मारून जोडीत. पत्र्यावर पत्रा ठेवायचा, भोंकें पाडायचीं, तापलेला रिव्हेट घालून दोहों बाजूंनीं ठोकायचा. भोंकांच्या रांगेंत पत्रा दुबळा होई, तेथें डोळ्यांना न दिसणारी चीर पडे, आणि एके दिवशीं बॉयलर फुटे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथें २० मार्च १९०५ रोजीं एका बुटांच्या कारखान्याचा बॉयलर असा फुटला. चार मजली इमारत कोसळून पेटली आणि ५८ माणसें गेलीं. त्या घटनेनें त्या राज्यांत कायदा झाला, आणि पुढें अमेरिकेंतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनें १९१४ सालीं बॉयलरविषयक नियमांची संहिता तयार केली. वेल्डिंगवर मात्र या नियमकर्त्यांचा बरींच वर्षें विश्वास नव्हता, आणि तो नव्हता हें योग्यच होतें. उघड्या कांडीनें भरलेला सांधा हवेंतील नत्र व प्राणवायु पिऊन ठिसूळ होई. स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग यानें कांडीवर लेप चढविण्याची कल्पना काढली. लेप जळून त्याचा वायु व राख वितळत्या धातूचें रक्षण करूं लागलीं. तेव्हां कोठें सांधा पत्र्याच्या तोडीचा होऊं लागला. बॉयलरचे मोठे पिंप वितळ-जोडानें बनविण्यास संहितेनें परवानगी दिली ती १९३१ सालीं.

तोंवर दुसरीकडे वाफ तापत चालली होती. वाफ जितकी तप्त, तितकी त्याच कोळशांतून वीज अधिक, हा निसर्गाचा नियम असल्यामुळें प्रत्येक नवा कारखाना मागच्यापेक्षां थोडा पुढें जाई. साधें पोलाद या उष्णतेला पुरेना. त्यांत थोडें मॉलिब्डेनम घालून पाहिलें. १९४३ च्या जानेवारींत पेनसिल्व्हेनियांतील स्प्रिंगडेल येथें अशा पोलादाची मुख्य वाफनळी वेल्डच्या शेजारीं अकस्मात् फुटली. पाहतात तों वेल्डच्या कडेनें पोलादांतील कार्बन पेन्सिलींतल्या शिशासारखा वेगळा होऊन ओळीनें बसलेला! यावर उपाय म्हणून क्रोमियमची जोड आली. सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम असलेलें पोलाद पुढें जगभरच्या बॉयलरांचें नित्याचें पोलाद होऊन बसलें. पण तेंही साडेपांचशें अंश सेंटिग्रेडच्या पुढें थकूं लागतें. त्यापुढें जावयाचें तर स्टेनलेस पोलाद हवें.

हें स्टेनलेस पोलाद म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील वाट्या-ताटांचेंच घराणें. जर्मनींत एसेन येथील क्रुप कारखान्यांत मॉरर व स्ट्राउस या दोघांनीं १९१२ च्या सुमारास क्रोमियमबरोबर निकेल घालून तें सिद्ध केलें. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल हें त्याचें पुढें रूढ झालेलें प्रमाण. गंजत नाहीं, लाल तापलें तरी बळ टिकवितें. मग सगळा बॉयलर त्याचाच कां करूं नये, असें कोणी विचारील. एक तर तें महाग. दुसरें असें, कीं त्यांतून उष्णता लवकर वाहत नाहीं आणि तापल्यावर तें फार वाढतें. त्यामुळें जाड भाग त्याचे केले तर तापतां-निवतां ते चिरतात. म्हणून जेथें आग अति प्रखर तेथें स्टेनलेसच्या नळ्या, आणि पुढें-मागें साधें क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, अशी वांटणी ठरली. वांटणी झाली कीं सीमा आली. एका मोठ्या बॉयलरांत अशा सीमेवरचे सांधे शेंकड्यांनीं असतात.

या सांध्यांचा कस पाहिल्याखेरीज त्यांवर विसंबूं नये, हें शहाणपण कांहींना आरंभींच सुचलें होतें. न्यू जर्सीमधील सीवॉरन वीजकेंद्र वाफेच्या ५६६ अंश तपमानासाठीं उभारलें गेलें, तेव्हां असे सांधे मुद्दाम पुनःपुन्हां तापवून व निववून पाहण्यांत आले, आणि त्या प्रयोगांचा वृत्तांत १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. पण महत्त्वाकांक्षा शहाणपणासाठीं थांबत नाहीं. १९५७ सालीं ओहायोमधील फायलो येथें सहावा संच चालू झाला. त्याची वाफ ६२१ अंशांची आणि दाब दर चौरस इंचास ४५०० पौंड. या दाबाला पाणी उकळतच नाहीं. पाणी आणि वाफ यांतील भेदच नाहींसा होतो. लगोलग फिलाडेल्फियाजवळ एडिस्टोनचा पहिला संच उभा राहिला. त्याची योजना ६४९ अंश व ५००० पौंड अशी होती. एवढी तप्त वाफ व्यवहारांत आणण्याचें साहस त्याआधीं कोणी केलें नव्हतें. थोड्याच अवधींत मालकांना तपमान ६१० अंशांवर आणि दाब ४७०० पौंडांवर उतरवावा लागला. तरीही तो संच २०११ पर्यंत वीज देत राहिला, ही गोष्ट त्याच्या कर्त्यांना भूषणावह आहे. परंतु जगांतील बहुतेक वीजकंपन्या त्यानंतर कांहीं दशकें साडेपांचशेंच्या आसपासच थांबल्या. धातूंनीं माणसाला मर्यादा घालून दिली.

आतां सांध्यांत नेमकें होतें काय, तें पाहूं. एक मीटर लांबीची क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची नळी थंड असतांना मोजावी आणि ५४० अंशांवर मोजावी. ती सुमारें सात मिलिमीटरांनीं वाढलेली आढळेल. तेवढीच स्टेनलेसची नळी नऊ मिलिमीटरांहून अधिक वाढते. दोघी मोकळ्या असत्या तर आपापल्या वाढल्या असत्या. पण तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेल्या! बॉयलर पेटला कीं एक दुसरीला ताणते, विझला कीं दुसरी पहिलीला खेंचते. ज्या काळांत वीजकेंद्रें महिनोन् महिने अखंड चालत, त्या काळांत हें थोडक्यांत निभावलें. पुढें विजेची मागणी दिवसा-रात्रीं बदलूं लागली, जुने संच रोज पेटवून रोज विझविण्याची पाळी आली, आणि सांधे भराभर जाऊं लागले. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत व इंग्लंडांत या विषयाचा मोठा अभ्यास सुरू झाला तो यामुळें.

ताण हें एक कारण. दुसरें त्याहून सूक्ष्म आहे. क्रोमियमला कार्बनचें विलक्षण आकर्षण. सांध्याच्या एका बाजूस क्रोमियम अडीच टक्क्यांच्या आंत, दुसऱ्या बाजूस अठरा टक्के. पांचशें अंशांच्या वर धातूचे अणु स्थिर राहत नाहींत. कार्बनचे अणु हळूहळू सीमा ओलांडून श्रीमंत बाजूकडे जाऊं लागतात. जें पोलाद कार्बन गमावतें तें मऊ होतें, आणि पलीकडे कठीण, ठिसूळ अशी एक बारीक पट्टी तयार होते. म्हणजे शेजारीं शेजारीं मेण आणि कांच! त्यांतच सीमेवर कार्बाइडचे कण माळेसारखे ओंवले जातात. त्या कणांभोंवतीं पोकळ्या पडतात, पोकळ्यांची साखळी होते, साखळीची भेग होते. बाहेरच्या अंगानें गंज चढून तेथें खांच पडते ती निराळीच. ही भेग स्टेनलेसमध्यें पडत नाहीं, वेल्डमध्येंही नाहीं. वेल्डला अगदीं लागून, साध्या पोलादाच्या अंगाला, केसाएवढ्या जागेंत पडते. आणि नळी तुटते ती अशी, कीं आधीं फुगली नाहीं, वांकली नाहीं, कसलीही सूचना दिली नाहीं.

येथें परीक्षेचा प्रश्न येतो, आणि या सर्व इतिहासाचें मर्म तेथेंच आहे. वेल्डची परीक्षा घेण्याची रूढ रीत अशी: सांध्यासह एक पट्टी कापून घ्यायची, यंत्रांत धरून तुटेपर्यंत ओढायची, दुसरी पट्टी वांकवून पाहायची. विजातीय सांध्याची पट्टी ओढली कीं ती बहुधा सांध्यापासून दूर, साध्या पोलादांत तुटते. परीक्षक समाधानानें लिहितो, सांधा मूळ धातूहून बळकट आहे. त्यांत खोटें कांहीं नाहीं. पण ही परीक्षा कांहीं मिनिटांची असते, आणि सांध्याला नोकरी करावयाची असते एक-दोन लाख तासांची. तापलेला धातु साधा भार सोसतां सोसतां कणाकणानें लांबत जातो; याला क्रीप म्हणतात. ही परीक्षा घ्यावी तर वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. म्हणून प्रयोगशाळेंत भार व उष्णता वाढवून ती थोडक्यांत उरकण्याची युक्ति निघाली. पण धातु येथेंही चकवितो. घाईच्या परीक्षेंत पट्टी पुन्हां साध्या पोलादांतच तुटते. सीमेवरची ती केसाएवढी भेग दिसते ती हळू चालणाऱ्या, कमी भाराच्या परीक्षेंत. विद्यार्थ्याची वर्षाची तयारी पाव तासाच्या तोंडी परीक्षेंत पाहूं जाणाऱ्या शिक्षकाची फसगत होते, तशीच ही.

उपाय सांपडला तो निकेलमध्यें. इंटरनॅशनल निकेल कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत इन्कोनेल नांवाचा मिश्रधातु काढला होता. सुमारें तीन चतुर्थांश निकेल, पंधरा-सोळा टक्के क्रोमियम आणि थोडें लोखंड. त्याचें प्रसरण साध्या पोलादाच्या बरेंच जवळ, आणि कार्बनला त्यांतून सहजासहजीं वाट मिळत नाहीं. सांध्यांत स्टेनलेसऐवजीं या घराण्याची कांडी वापरली, तर ओढाताण साध्या पोलादाच्या सीमेवरून हलून स्टेनलेसच्या सीमेवर जाते, आणि तें पोलाद चिवट असल्यामुळें ती सोसतें. अशा सांध्यांचें आयुष्य पूर्वीच्या कित्येक पटींनीं वाढलें. कधीं कधीं आधीं साध्या पोलादाच्या तोंडावर निकेलचे थर चढवून घेतात, त्यास भट्टींत घालून शांत करतात, आणि मग पुढचा जोड करतात. वेल्डर लोक या थराला बटरिंग म्हणतात. पोळीला लोणी लावावें तसें. आपल्याकडील मनुष्य त्याला कल्हई म्हणाला असता तर अधिक शोभलें असतें.

भारतांत या विषयाचें उत्तम संशोधन तामिळनाडूंतील कल्पाक्कम येथील अणुसंशोधन केंद्रांत झालें आहे. तेथील शीघ्र अणुभट्टीच्या बाष्पजनित्रासाठीं एका बाजूस स्टेनलेस आणि दुसऱ्या बाजूस क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद जोडावयाचें होतें. तेथील धातुशास्त्रज्ञांनीं दोहोंच्या मध्यें अलॉय ८०० या तिसऱ्याच मिश्रधातूचा तुकडा घातला. त्याचें प्रसरण दोहोंच्या दरम्यान असल्यामुळें एक मोठी पायरी जाऊन दोन लहान पायऱ्या होतात. नागपूरजवळील कोराडी येथें ६६० मेगावॅटचे जे संच उभे राहिले आहेत, त्यांच्यासारख्या अतिदाबाच्या बॉयलरांनाही विजातीय सांधा चुकलेला नाहीं.

इतकें झाल्यावर निकेलची कांडी म्हणजे रामबाण औषध, असें वाटणें साहजिक होतें. अणुभट्ट्यांच्या कर्त्यांनीं ती मोठ्या विश्वासानें उचलली. अणुभट्टीचें जाड भांडें साध्या मिश्रपोलादाचें, त्याला लागणाऱ्या नळ्या स्टेनलेसच्या; तेथेंही सीमा आहेच. तेथें उष्णता तीनशें अंशांच्या आसपास, म्हणजे कार्बनच्या पळापळीची भीति नाहीं. शिवाय पाण्यांत थोडें जरी क्षार असलें तरी स्टेनलेस ताणाखालीं चिरतें, आणि इन्कोनेल चिरत नाहीं, असा अनुभव होता. सर्व प्रमाणें एका बाजूला झुकत होतीं.

एकच आवाज विरुद्ध उठला. पॅरिसजवळील साक्ले येथें फ्रेंच अणुऊर्जा आयोगाच्या प्रयोगशाळेंत आंरी कोरियू आणि त्याचे सहकारी यांनीं इन्कोनेलच्या ताणलेल्या पट्ट्या ३५० अंशांच्या शुद्ध पाण्यांत महिनोन् महिने ठेवल्या, आणि त्या चिरल्या. क्षार नाहीं, आम्ल नाहीं. निव्वळ शुद्ध पाणी. १९५९ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. अमेरिकेंतील व अन्य ठिकाणच्या प्रयोगशाळांनीं तोच प्रयोग करून पाहिला, आणि त्यांतील कित्येकांच्या पट्ट्यांना कांहीं झालें नाहीं. मग पाण्यांतच कांहीं अशुद्धि असावी, भांडेंच स्वच्छ नसावें, अशा शंका निघाल्या. वाद वर्षानुवर्षें चालला. कोरियूचा दोष एवढाच, कीं त्याच्यापाशीं इतरांहून अधिक धीर होता. जर्मन कारखानदारांनीं पुढें आपल्या बाष्पजनित्रांच्या नळ्यांसाठीं अलॉय ८०० ची निवड केली. परंतु अमेरिकेंत, आणि नवलाची गोष्ट म्हणजे खुद्द कोरियूच्या फ्रान्समध्यें, इन्कोनेलच चालू राहिलें. माणूस आपल्या घरांतल्या वैद्याचें ऐकत नाहीं, हें राष्ट्रांनाही लागू आहे.

काळानें निकाल दिला, पण सावकाश. १९७८ सालीं आयोवामधील ड्यूएन आर्नोल्ड वीजकेंद्रांत भट्टीच्या तोंडाशीं असलेला इन्कोनेलचा तुकडा चिरून पाणी गळलें. सप्टेंबर १९९१ मध्यें फ्रान्समधील ब्युजे येथील तिसऱ्या भट्टीच्या झांकणांतील नळी दाबाच्या परीक्षेंत गळतांना आढळली. एव्हांना कोरियूचें नांव आदरानें घेतलें जाऊं लागलें होतें. तरी अनेकांची समजूत अशी, कीं चिरतात त्या नळ्या. वेल्डचा जाड धातु सुरक्षित आहे.

ती समजूत साउथ कॅरोलायनांत गेली. तेथील व्ही. सी. समर हें वीजकेंद्र १९८४ पासून चालू होतें. ऑक्टोबर २००० मध्यें तें इंधन बदलण्यासाठीं थांबविलें असतां तपासनिसांना भट्टीच्या भांड्याजवळ पांढऱ्या चूर्णाचे ढीग दिसले. भट्टीच्या पाण्यांत बोरिक आम्ल घातलेलें असतें. पाणी गळून उडून जातें आणि आम्ल मागें उरतें. तें चूर्ण शंभर किलोंच्या आसपास भरलें. मागोवा घेत गेल्यावर भांडें आणि मुख्य नळ यांच्यामधील विजातीय वेल्डांत, सुमारें साठ मिलिमीटर जाडीच्या भिंतींतून आरपार गेलेली एक भेग सांपडली. ती नळाच्या लांबीच्या दिशेनें होती, आणि दोहों बाजूंस निराळ्या जातीचा धातु लागतांच थांबली होती. वेल्डच्या रुंदीपेक्षां ती लांब होऊंच शकत नव्हती. विजातीय सांध्याच्या ज्या विषमतेनें इतकीं वर्षें छळलें, तिनेंच येथें भेगेला आवर घातला. परिघाच्या दिशेची भेग असती, तर तिला असा कोणीही आडवा आला नसता.

ही भेग तेथेंच कां पडली, याचें उत्तर कारखान्याच्या जुन्या दप्तरांत निघालें. केंद्र बांधतांना त्या वेल्डमध्यें दोष आढळले होते. वेल्डरांनीं आंतून धातु खरवडून काढला आणि पुन्हां भरला. नियमाप्रमाणें हें योग्यच होतें, तपासणींत सांधा उत्तीर्णही झाला. परंतु पुन्हां भरलेला धातु निवतांना आंखडला आणि आंतल्या पृष्ठावर कायमचा ताण ठेवून गेला. धाव निवून चाकाला आंवळते, तेंच येथें झालें. फक्त आंवळल्यानें चाक बळकट होतें आणि वेल्ड ताणल्यानें दुबळा होतो. त्या ताणाला तप्त पाण्याची सोबत मिळाली आणि सोळा वर्षांत काम झालें. सदोष सांध्याची डागडुजीच घातक ठरली, ही गोष्ट जोडकाम करणाऱ्यांनीं विशेष लक्षांत घेतली. तो भाग कापून काढून त्या जागीं नवा तुकडा बसविण्यांत आला.

समरमध्यें कोणाच्या केसालाही धक्का लागला नाहीं. डेव्हिस-बेसी येथें दैव याहून जवळून गेलें. ओहायोमधील या केंद्रांत भट्टीच्या झांकणावर बोरिक आम्लाचे थर सांचत असलेले वर्षानुवर्षें दिसत होते. २००१ सालीं ओकोनी येथील झांकणांत परिघाच्या दिशेच्या भेगा आढळल्या, तेव्हां सरकारी नियामकांनीं अशा सर्व भट्ट्यांची तपासणी वर्षअखेरीपर्यंत करण्यास सांगितलें. चालकांनीं मुदत मागून घेतली आणि भट्टी फेब्रुवारी २००२ पर्यंत चालविली. मार्चमध्यें पाहतात तों एका नळीशेजारीं सहा इंचांहून अधिक जाडीचें पोलाद आम्लानें खाऊन टाकलेलें, आणि उरला होता तो केवळ स्टेनलेसचा आंतला अस्तर-थर, सुमारें तीन अष्टमांश इंचाचा! शोभेसाठीं नव्हे, पण बळासाठींही नव्हे, केवळ गंज टाळण्यासाठीं दिलेली ती कल्हई सबंध भट्टीचा दाब पेलीत उभी होती. भट्टी दोन वर्षें बंद राहिली. पुढें लक्षावधि डॉलरांचे दंड झाले, तपासणीचे खोटे वृत्तांत दिल्याबद्दल खटले झाले. ज्या धातूनें कर्तव्य केलें, त्याच्यावर नेमलेल्या माणसांनीं तें केलें नाहीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्यानंतरच्या वेल्डांत क्रोमियमचें प्रमाण दुप्पट, म्हणजे सुमारें तीस टक्के, असलेला निकेलधातु वापरूं लागले. जुने सांधे कापणें सर्वत्र शक्य नसतें. तेथें नळाच्या बाहेरून नव्या धातूचा जाड पट्टा चढवितात. तो पट्टा निवतांना आंखडतो आणि आंतल्या जुन्या वेल्डला दाबून धरतो; म्हणजे धावेची युक्ति येथें पुन्हां उपयोगी पडली, आणि या खेपेस योग्य दिशेनें. २००६ च्या ऑक्टोबरांत कॅन्सासमधील वुल्फ क्रीक येथें दाबनियंत्रक टाकीच्या तोंडांशीं परिघाच्या दिशेच्या भेगांच्या खुणा दिसल्या, तेव्हां हें काम सर्वत्र घाईनें हातीं घेण्यांत आलें.

भेग शोधण्याचें साधन म्हणजे ध्वनि. कानांना न ऐकूं येणारा सूक्ष्म ध्वनि धातूंत सोडायचा आणि भेगेवरून परतणारा प्रतिध्वनि टिपायचा. साध्या पोलादांत तो सरळ जातो. निकेलच्या वेल्डमधील स्फटिक मात्र लांब व जाडेभरडे असतात. त्यांत ध्वनि वांकतो, विखुरतो, नसलेल्या भेगा दाखवितो आणि असलेल्या लपवितो. २०१२ सालीं व्हर्जिनियांतील नॉर्थ अ‍ॅना येथें बाष्पजनित्राच्या तोंडाशीं असलेल्या अशाच एका वेल्डची ध्वनिपरीक्षा झाली आणि त्यांतील खोल भेगा परीक्षकांना दिसल्या नाहींत. मग वर नवा पट्टा चढविण्यासाठीं त्याचें पृष्ठ यंत्रावर खरवडून सपाट करण्याचें काम चालू झालें, आणि खरवडतां खरवडतां तेथून पाणी पाझरूं लागलें.